सुट्टीच्या शिबिरांत सगळ्या मुलांना जागा हवी

संपादक महोदय,

परीक्षा संपत आल्या आणि सांगलीत चौकाचौकांत उन्हाळी शिबिरांचे फलक झळकू लागले. लेझीम, लाठी, मल्लखांब, गडभ्रमंती. माझी सारी नोकरी क्रीडाशिक्षिका म्हणून मैदानावर गेली, त्यामुळे असा फलक दिसला की पुढे जाववत नाही, पूर्ण वाचतेच. बहुतेकांवर तळाला ‘सर्वांसाठी खुले’ असे लिहिलेले असते. ते खरे व्हावे म्हणून हे पत्र.

आमच्या शेजारचा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. गेल्या उन्हाळ्यात एका मंडळाने त्याचे नाव नोंदवून घेतले आणि पहिल्याच दिवशी आईला बोलावून सांगितले, “ताई, ह्याला सांभाळायला आमच्याकडं माणूस नाही. तुम्ही रोज सोबत बसणार असाल तर बघू.” ती हळदीच्या वखारीत कामाला जाते. रोज मैदानावर बसायला वेळ कुठून आणणार? मंडळाने पैसे परत दिले, टी-शर्टही राहू द्या म्हणाले. तो टी-शर्ट घालून पोरगा सुट्टीभर मैदानाच्या कट्ट्यावर बसून होता.

ती मंडळाची पोरे निर्दय नाहीत, हे मी खात्रीने सांगते. 2019च्या महापुरात हीच पोरे कमरेएवढ्या पाण्यातून म्हाताऱ्याकोताऱ्यांना बाहेर काढत होती. मग अडले कुठे? शिबिराची आखणी करताना असे मूल येईल हे कोणाच्या डोक्यातच आले नव्हते. ते दारात उभे राहिल्यावर विचार सुरू झाला आणि तोवर वेळापत्रक, गट, सगळे ठरून गेले होते. प्रवेश-अर्जावर टी-शर्टचे माप विचारतात, रक्तगट विचारतात. ‘मुलाला कशाचा त्रास होतो, काय केले की बरे वाटते’ एवढी एक ओळ मात्र नसते. ती असती तर आईने लिहिले असते की शिट्टीचा आवाज त्याला सहन होत नाही. शिट्टीऐवजी रंगीत रुमाल हलवला असता तरी भागले असते.

हे हवेतले बोलणे नाही. माझ्या लेझीम पथकात ऐकू न येणारी एक मुलगी होती. तिला मी पहिल्या रांगेत, हलगीवाल्याचा हात समोर दिसेल अशी उभी करत असे. ठेका ती त्या हातावरून धरायची. अडचण यायची लेझमीचा हात, म्हणजे प्रकार, बदलताना. ‘चार आवाज’वरून ‘आठ आवाज’वर जायची खूण शिट्टीने व्हायची. ती मी बोटांनी द्यायला लागले, ‘आगे फलांग’ला रुमाल वर. हलगीच्या कडकडाटात मागच्या रांगेला शिट्टी कधीच नीट ऐकू जात नसे, त्यामुळे हाताची खूण सगळ्यांनाच सोयीची पडली. यासाठी पैसा लागला नाही. सराव सुरू होण्याआधी तिच्या वडिलांशी पाच मिनिटे बोलावे लागले, इतकेच.

दुसरी एक गोष्ट मला फार खुपते. मुलाला घेतात, पण खेळायला घेत नाहीत. चाकाच्या खुर्चीतल्या मुलाच्या हाती वही देऊन गुण लिहायला बसवतात आणि वर समारोपात त्याचा खास सत्कार करतात. एरवी लहानग्यांना कच्चा लिंबू म्हणून डावात घेतोच आपण, पण ते मूल वर्षभरात मोठे होऊन पक्क्या गड्यांत येते. या मुलांना जन्मभर कच्चा लिंबू ठेवायचे का? गल्ली क्रिकेटमध्ये बोळ अरुंद म्हणून ‘एक टप्पा आउट’ चालते, जोशीकाकूंच्या गच्चीवर चेंडू गेला की फलंदाज बाद होतो. जागेसाठी नियम वाकवतो, तसे एका मुलासाठीही वाकवता येतात. लगोरीत खुर्चीवरच्या मुलाने नेम धरावा, त्याच्या वतीने जोडीदाराने पळावे. मुले हे नियम आपणहून शोधतात, मोठ्यांनी फक्त मध्ये येऊ नये.

2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार धरले आहेत. त्यांत स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमताही आहे. मान्यताप्राप्त शाळांनी या मुलांना खेळाची आणि करमणुकीची संधी इतरांच्या बरोबरीने द्यावी, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. कितीतरी शिबिरे अशाच शाळांच्या मैदानांवर भरतात, म्हणून मैदान देताना शाळांनी मंडळांना याबद्दल जरूर विचारावे.

आणि आपल्या जिल्ह्याला तर हे सांगायची वेळच येऊ नये. भारताला पॅरालिम्पिकमधले पहिले सुवर्णपदक 1972 साली हायडेलबर्गला पोहण्यात मिळवून देणारे मुरलीकांत पेटकर आपल्या पेठ गावचे. 2024च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत रौप्यपदक मिळवणारे सचिन खिलारी आटपाडी तालुक्यातल्या करगणीचे. लहानपणी सायकलवरून पडून त्यांच्या हाताला कायमची इजा झाली. अशा मुलाला आज आपल्या चौकातल्या शिबिरात कोणी गोळा हातात देईल का, याचे उत्तर मंडळांनी मनाशी द्यावे.

शुल्काचेही बोलले पाहिजे. नदीकाठच्या वीटभट्ट्यांवरची आणि कुपवाड एमआयडीसीतल्या परप्रांतीय कामगारांची मुले मैदानाच्या कुंपणाला धरून बघत उभी असतात. त्यांच्याकडे पैसे नाहीत, आधारची झेरॉक्स नाही आणि काहींना मराठी नीट येत नाही. गणपतीची वर्गणी जमवणाऱ्या मंडळांना दहा मुलांचे टी-शर्ट जड नाहीत. भाषेची काळजी तर करूच नये, खो-खोच्या पाटीवर बसले की आठवड्यात बोलायला लागतात.

शिबिरांच्या बैठका सध्या सुरू आहेत, म्हणून आत्ताच विनंती करते. अर्जात ती एक ओळ घाला. ज्या घरी असे मूल आहे हे ठाऊक आहे, तिथे फलक लावून न थांबता स्वतः जाऊन बोलवा. दर गटामागे एक मोठी ताई किंवा दादा नेमा आणि त्याला आधी त्या मुलाच्या घरी पाठवा. विश्रामबाग परिसरातल्या कोणत्याही मंडळाला लेझमीच्या खुणा किंवा बसून खेळायचे खेळ शिकून घ्यायचे असतील, तर मी संध्याकाळी मैदानावर येईन. मानधन नको.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका
विश्रामबाग, सांगली