मीनू, अलामत गेली म्हणून काय झालं

मीनू बेटा,

काल फोनवर तू एवढी तणतणत होतीस की मला मध्ये बोलायला जागाच नव्हती, आणि मग तुझा ऑफिसचा कॉल आला, म्हणून आता निवांत बसून टाइप करून राहिलो. लांब होणार आहे. बसमध्ये वाच, जेवताना वाच, पण पूर्ण वाच, नेहमीसारखा खाली अंगठा टाकून मोकळी होऊ नको.

मला कळलं ते असं. रविवारच्या त्या मुशायऱ्याला, म्हणजे गझला वाचायच्या बैठकीला, तू पहिल्यांदा गेलीस, छोटाच होता, थोडेसे लोक, खुर्च्या गोल टाकलेल्या, मतला (गझलेचा पहिला शेर) म्हटलास तर वा वा झालं, एक जण मुकर्रर, म्हणजे परत म्हणा, पण म्हणाला, आणि पुढच्या शेराला, म्हणजे पुढच्या दोन ओळींना, ते पिकल्या दाढीचे काका सगळ्यांसमोर म्हणाले, "बेटा, अलामत गेली." म्हणजे यमकातला ठरलेला स्वर चुकला. झालं. उरलेली गझल तू घाईघाईत उरकली, चहा न घेता निघाली, आणि मला म्हणतेस की बाबा, कविता मनातून येते, तिथे हे गणित कशाला, त्या लोकांना फक्त चुका काढायच्या असतात, इन्स्टावर याच शेराला किती हार्ट आलेत बघा.

आले असतील. मी पण दिला होता एक. पण काकांचं बरोबर आहे.

तूच बघ ना. तुझा मतला:

घरी यायचे राहिले आज सुद्धा
मला वाटते ना अता लाज सुद्धा

हा पक्का आहे. लगागा (लघु-गुरू-गुरू) चार वेळा, म्हणजे भुजंगप्रयात वृत्त, कुठेही अडखळत नाही, मी बोटांवर मोजून पाहिला. (आईने वाचला आणि म्हणाली, लाज वाटत नाही हे तर दिसूनच राहिलं, तिकीट कधी काढते ते विचारा. तो वेगळा विषय.) 'सुद्धा' हा रदीफ, जसाच्या तसा परत येणारा, त्याच्या आधी 'आज', 'लाज' हे काफिये, म्हणजे यमकाचे शब्द. म्हणजे मतल्यातच तू लोकांना शब्द देऊन बसली की माझ्या प्रत्येक शेराच्या दुसऱ्या ओळीत सुद्धाच्या आधी ज येईल आणि त्या ज च्या आधी आ येईल. तो आ म्हणजेच अलामत. आणि पुढे काय केलंस, तर

मुका होत जातो मनातील कोना
तुझा फोन येतो जरी रोज सुद्धा

ज आला, वृत्तही बसलं, पण आ च्या जागी ओ आला. ऐकणारा पहिल्या ओळीला कान टवकारून बसलेला असतो, काफिया त्याच्या ओठावर आधीच येऊन थांबलेला असतो, मुशायऱ्यात लोक शेवटचा शब्द कवीच्या बरोबरीने म्हणतात तो त्यामुळेच, आणि तिथे तू 'रोज' म्हटलंस की त्याचं तोंड उघडंच राहतं. मोबाइलवर वाचताना हे कळत नाही, डोळे पुढे सरकतात. कानाला मात्र लगेच कळतं. म्हणून इन्स्टावर चाललं आणि तिथे नाही चाललं, यात कोणाचा दुष्टपणा नाही.

मी दुरुस्त करून पाहिला, 'न येई तुझा त्यात आवाज सुद्धा'. नियमात बसतो. पण फोन गेला की त्यातून! रोज फोन येतो आणि तरी कोना मुका, ही जी तुझी मजा होती तीच गेली, आता तो कोणत्याही विरही माणसाचा शेर झाला. तेव्हा माझा घेऊ नको. फोनही राहिला पाहिजे आणि आ पण, ते कसं जमवायचं ते तू बघ. इलाज, समाज, अंदाज, नाराज, व्याज... बँकेत जन्म गेला म्हणून मला व्याजच पहिले सुचतं.

आता तू म्हणशील बाबाला हे सगळं कुठून माहीत. अगं आमच्या वेळच्या नागपूर-अमरावतीच्या कितीतरी पोट्ट्यांना हे सुरेश भटांनी शिकवलं, आणि बहुतेकांना तर समोर न बसवताच. 'गझलेची बाराखडी' म्हणून त्यांची एक छोटीशी पुस्तिका होती, तिच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स फिरायच्या, शेवटी शेवटी अक्षरं अशी फिकी की मात्रा अंदाजाने वाचायची. त्यात सगळं सरळ सांगितलेलं, मतला काय, काफिया काय, अलामत काय, एका गझलेत कमीत कमी पाच शेर पाहिजेत, आणि प्रत्येक शेर ही आपली आपण एक पूर्ण कविता पाहिजे, वरची ओळ विषय मांडते आणि खालची तो पुरा करते. बस. कुठे विद्वत्तेचा आव नाही. गावोगावचे नवीन लिहिणारे त्यांना पत्राने गझला पाठवायचे आणि ते त्या दुरुस्त करून पाठवायचे, इतका मोठा कवी, आणि कुठल्यातरी खेड्यातल्या मास्तरच्या गझलेतला लघु-गुरू तपासत बसलेला. आज मराठीत जेवढे लोक गझल लिहून राहिले त्यातले कितीतरी या पत्रांच्या नाहीतर त्या पुस्तिकेच्या वाटेने आलेले आहेत. आपल्या अमरावतीकडचे भीमराव पांचाळे तर गझल गातात, आणि त्यांनी पुढे गावोगावी गझलेच्या कार्यशाळा घेतल्या, संमेलनं भरवली.

भटांचं आयुष्य पण ऐक, कारण तुला वाटतं की मोठ्या कवींना आपोआप टाळ्या मिळत असतात. जन्म अमरावतीचा, 15 एप्रिल 1932. वडील डॉक्टर, आणि तरी अडीच वर्षांचं असताना पोलिओ झाला, उजवा पाय कायमचा अधू. आईला कवितेचं वेड, तिच्यामुळे गोडी लागली. बी.ए.च्या शेवटच्या परीक्षेत दोनदा नापास होऊन 1955 ला पास झाले, मग मास्तरकी, पत्रकारिता, कशातच फार स्थिर नाही. पहिला संग्रह 'रूपगंधा' 1961 चा. दुसरा 'रंग माझा वेगळा' कधीचा, तर 1974 चा. तेरा वर्षं मध्ये! 'एल्गार' 1983, 'झंझावात' 1994, 'सप्तरंग' 2002, आणि 2003 च्या मार्चमध्ये गेले. म्हणजे चाळीसेक वर्षांत मूठभर संग्रह. तू रोज एक पोस्ट टाकते. टाक, माझी काही हरकत नाही, पण मला सांग 'रोज'च्या जागी दुसरा शब्द शोधायला तू किती वेळ दिला होतास.

एल्गार आलं तेव्हा मी कॉलेजात होतो. विकत घ्यायला पैसे नव्हते म्हणून आम्ही वहीत उतरवून घ्यायचो आणि टपरीवर मोठ्याने म्हणायचो, मधूनच कोणी अनोळखी माणूस पुढची ओळ म्हणायचा, मग त्याला पण चहा. हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींमुळे रेडिओवर घरोघरी पोचले होतेच ते, पण तो प्रेमाचा कवी वेगळा आणि एल्गारमधला खवळलेला माणूस वेगळा. त्यांना मी ऐकलंय मंचावरून, मागच्या रांगेतून, तरन्नुममध्ये, म्हणजे चालीवर, म्हणायचे, आणि वाह म्हणायचं लोकांना भान राहायचं नाही. शेवटी त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला, त्याबद्दल लोक किती काय बोलले, आपल्या नात्यातले पण बोलले, ते कधीतरी समोर बसून सांगीन.

गझल मराठीत त्यांनी आणली असं मात्र कोणाला सांगू नको, तिथले काका परत पकडतील तुला. कवी माधव जूलियनांनी त्यांच्या किती आधी फारसीतून वृत्तं आणली, 'गज्जलांजलि' 1933 ची आहे. पण त्यातल्या बऱ्याच रचना एकाच भावनेच्या सलग कविता वाटतात, शेर सुटा काढून कोणाला ऐकवला आणि तो तिथेच उभा राहिला असं कमी होतं. भटसाहेबांनी भांडून भांडून तेच ठसवलं.

आणि हे विदर्भातच का झालं याचा मी कधी कधी विचार करतो. वऱ्हाड 1853 पर्यंत निजामाचा, नंतर इंग्रजांकडे. नागपूर 1956 पर्यंत मध्य प्रांत-वऱ्हाडची आणि पुढे मध्य प्रदेशची राजधानी, ऑफिसात हिंदी, बाजारात हिंदी, मोमिनपुऱ्यात आणि कामठीला उर्दू. माझ्या वडिलांना उर्दू वाचता यायचं नाही पण शेर पाठ असायचे, कव्वाली ऐकायला रात्रभर बसायचे. 'दाद', 'नाराज', 'अंदाज' हे शब्द आपल्याला कोणी शिकवायला लागले नाहीत. पुण्यात तुला कोणी म्हटलं ना की तुमची मराठी हिंदीमिश्रित आहे, तर म्हणा हो आहे, त्याच्यातूनच ही गझल आली. (हे जरा जास्त झालं असेल. पण म्हण.)

शहरात कवितेचं असं आहे की कोणीतरी जागा धरून ठेवावी लागते. विदर्भ साहित्य संघ 1923 चा, सीताबर्डीवर आहे बघ, तू लहानपणी तिथल्या पायऱ्यांवर खेळायची आणि आतून कोणीतरी शू करायचं. मोठे लोक येतात ते सोड, मला तिथले दर वेळी येणारे ऐकणारे आवडायचे. एक रिटायर्ड रेल्वेवाले होते, स्वतः ओळ लिहायचे नाहीत, पण कोणाचं वृत्त घसरलं की मान न वर करता नुसतं बोट उचलायचे. त्या बोटाला सगळे घाबरायचे, आणि ते ज्या दिवशी आले नाहीत त्या दिवशी वाचायला मजा नाही यायची. आता रेशीमबागेत भटांच्या नावाचं भलंमोठं सभागृह झालंय, 2017 ला, एसी, पार्किंग, सगळं. चांगलं आहे. पण तिथे बोट उचललेलं दिसणार नाही.

तू म्हणशील कवी ग्रेस कुठे कोणाकडून तपासून घ्यायचे. खरं आहे, त्याच नागपुरात ग्रेस पण होते, मॉरिस कॉलेजात शिकवायचे, लोक दुर्बोध दुर्बोध म्हणून थकले आणि त्यांनी एक शब्द सोपा केला नाही. एका शहरात एकीकडे भट आणि दुसरीकडे ग्रेस, आम्ही पोट्टे दोन पार्ट्या करून भांडायचो, मी भटांच्या पार्टीत, तुझी आई ग्रेसच्या, लग्न तरी झालं. पण 'संध्याकाळच्या कविता' उघड, 1967 चं आहे ते, आईच्या कपाटात आहे, आणि मोठ्याने वाच. अर्थ नाही लागला तर नाही लागला, लय कुठे तुटते ते मला दाखव. ज्याने कोणाचं ऐकलं नाही असं आपण म्हणतो त्याच्या ओळी बघ किती काटेकोर आहेत. मनातून येतं ते खरंच, पण मनातून येणाऱ्याला पण चाल असते गं.

काकांचा तुला राग आला तो सगळ्यांसमोर म्हणाले म्हणून, हे मला कळतं. बाजूला घेऊन सांगता आलं असतं. पण बैठकीची रीत तशीच असते, दादही सगळ्यांसमोर आणि दुरुस्तीही. आणि एक गोष्ट तू सांगितली पण तुझं लक्ष नाही गेलं, ते 'अलामत गेली' म्हणाले, म्हणजे त्यांना तुझा मतला लक्षात होता. वाईट गझलेला कोणी एवढ्या लक्ष देऊन ऐकत नाही, लोक मोबाइल बघतात आणि शेवटी 'छान, छान' म्हणतात. ते 'छान छान' तुझ्या वाट्याला आलं असतं तर मी तुला नको जाऊ म्हटलं असतं.

तर पुढच्या वेळी जा. नवीन गझल नको नेऊ, हीच ने, शेर बदलून. आणि नुसतं आपलं वाचून पळू नको, सगळ्यांचं संपेपर्यंत बस, कोणाचा काफिया कसा येतो ते आधी मनात ओळखायचा प्रयत्न कर, त्यातच निम्मं शिकणं होतं. चहा पण घे, खऱ्या गोष्टी चहालाच कळतात. तिथे कोणी उगाच मोठेपणा करत असेल, बायांच्या गझलेला 'नाजूक' म्हणत असेल, तर तिथल्या तिथे बोल, तिथे गप्प बसायचं नाही. पण अलामतीवर भांडू नको, हरशील.

तुझी मावशी शनिवारी पुण्याला येऊन राहिली, तिच्यासोबत पाठवतोय. एल्गारची माझी कॉपी आहे, बाइंडिंग सुटलंय, रबर लावलाय, तो काढून फेकू नको. बाराखडीची झेरॉक्स आतच ठेवली आहे, मी पेनाने खुणा केल्या आहेत त्यातल्या काही चुकीच्या निघतील, तुझ्या तू तपास. ग्रेसचं पुस्तक आई देत नाही म्हणाली, तिला म्हटलं मीनूसाठी आहे तरी नाही म्हणाली, तेव्हा ते तिथेच विकत घे आणि बिल मला पाठव. आणि 'रोज'वाला शेर नव्याने जमला की रात्री कितीही वाजले असले तरी मेसेज टाक, मी जागाच असतो.

तुझा,
बाबा