फोटो निवडलात, पण का निवडलात तेही छापा

संपादक महोदय,

पावसाळा सुरू झाला की तुमच्या रविवारच्या पुरवणीत वाचकांनी काढलेले फोटो येतात, ते मी न चुकता बघतो. यावेळी तर ठोसेघरचा धबधबा चांगला अर्धा पान भरून होता. पण खाली काय, तर नाव आणि गाव. तो का निवडला, बाकीच्यांपेक्षा त्यात काय वेगळं होतं, एक अक्षर नाही. ज्याचा आला तो खूश, ज्यांचे नाही आले त्यांना वाटतं वशिला असेल. शिकला कोण? कोणीच नाही.

आमचा साताऱ्यात हौशी लोकांचा एक ग्रुप आहे, कोणी बँकेत, कोणी शाळेत, एकाचं मेडिकलचं दुकान, आणि आम्ही अधूनमधून कोणाच्या तरी हॉलमध्ये लॅपटॉप टीव्हीला जोडून एकमेकांच्या फोटोंवर बोलतो. पद्धत साधी आहे, ज्याचा फोटो त्याने सुरुवातीला गप्प बसायचं आणि बाकीच्यांनी फक्त एवढं सांगायचं की नजर पहिल्यांदा कुठे गेली. कासच्या पठारावर काढलेल्या एका फोटोत काढणाऱ्याला दाखवायचा होता टोपली कारवीच्या फुलांचा निळा जांभळा झुपका आणि खोलीतल्या सगळ्यांची नजर गेली मागच्या बाईंच्या पिवळ्या रेनकोटवर! काढताना त्याला तो दिसलाच नव्हता, कारण कारवी सात वर्षांनी फुलते आणि त्या नादात माणसाला दुसरं काही दिसत नाही. त्याला कोणी नियम शिकवायची गरजच पडली नाही, दोन पावलं डावीकडे सरकायला हवं होतं हे तोच म्हणाला.

नाहीतर बहुतेक ठिकाणी काय चालतं? एक तर सगळ्यांना मस्त, जबरदस्त, क्या बात, किंवा मग एखादे सर असतात जे फोटो बघायच्या आधी कॅमेरा कुठला ते विचारतात आणि प्रत्येक फोटोला रूल ऑफ थर्डची, म्हणजे फ्रेमचे आडवे-उभे तीन-तीन भाग करून विषय त्या रेषांवर ठेवायच्या नियमाची, पट्टी लावतात. विषय मधोमध आला की गुन्हा. अहो, तळ्यात डोंगराचं सरळ प्रतिबिंब पडलं असेल तर क्षितिज मधोमध घेतलेलंच बरं दिसतं कधीकधी. आणि एक निरीक्षण सांगतो, लेन्सची किंमत वाढत जाते तशी टीका कमी होत जाते. मोबाईलवर काढणाऱ्या कॉलेजच्या मुलीला दहा चुका दाखवतील आणि मोठ्या लेन्सवाल्या डॉक्टरांच्या फोटोत क्षितिज तिरकं असलं तरी हूं की चूं नाही.

उपयोगी पडेल असं बोलायचं तर नेमकं बोलावं लागतं. फोटो शार्प नाही एवढ्याने काय होणार? कासच्या पठारावर वारा असतो, देठ हलत राहतात, तिथे शटर १/६० सेकंदावर ठेवलं तर फूल हललेलंच येणार, त्यात लेन्सचा दोष नाही, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, वाढवून १/५०० वर जा नाहीतर वारा पडेपर्यंत थांबा, असं सांगितलं तर पुढच्या वेळी तो करून बघेल. धबधब्याचंही तेच, पाणी रेशमासारखं हवं म्हणून सगळे शटर पाच-दहा सेकंद उघडं ठेवतात आणि धार जाऊन नुसता पांढरा पट्टा उरतो. पाव-अर्ध्या सेकंदात पाण्याचे धागे दिसतात, पण ट्रायपॉड पाहिजे.

काही गोष्टी मात्र गोड बोलून सोडून देऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. भिगवणला उजनीच्या पाण्यात फ्लेमिंगो येतात, त्यांच्या उडत्या थव्याचा फोटो आला की मी आधी बघतो पक्ष्यांची तोंडं कुठे आहेत. सगळ्यांच्या शेपट्या कॅमेऱ्याकडे असतील तर बहुतेक वेळा होडी अंगावर घालून थवा उडवलेला असतो. फोटो कितीही सुंदर असू दे, विचारायला पाहिजे. कासला फुलांमध्ये आडवं पडून काढलेल्या फोटोंचंही तसंच, २०१२ पासून ते पठार युनेस्कोच्या यादीत आहे आणि आपण कोपराखाली काय चिरडलं ते फ्रेममध्ये येत नाही. वारीचा प्रश्न वेगळा. माउलींची पालखी आमच्या जिल्ह्यातून जाते, चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं, आणि तिथून परत येणाऱ्या दहातल्या आठ जणांकडे म्हाताऱ्या वारकऱ्याचा क्लोजअप असतो, सुरकुत्या दिसल्या की केला ब्लॅक अँड व्हाईट. त्या आजोबांशी बोललास का, असं विचारलं की बरेच जण गप्प होतात.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, म्हणजे फ्रान्समध्ये फोटोग्राफी जाहीर झाल्यावर अवघ्या पंधरा वर्षांत, आणि डॉ. भाऊ दाजी लाडांचे भाऊ डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे आपले लोक त्यात होते. म्हणजे फोटोवाल्यांनी एकत्र जमणं आपल्याकडे किती जुनं आहे बघा, फक्त हल्ली फोटो इतके झालेत की एकेका फोटोपाशी थांबायला कोणाला वेळ नाही. पेपरवाल्यांनी थांबावं, कारण तुमचं लोक ऐकतात.

तर विनंती अशी की प्रत्येक छापलेल्या फोटोखाली निवडणाऱ्याने दोन-तीन ओळी लिहाव्यात, काय आवडलं आणि काय खटकलं, दोन्ही. जमलं तर न निवडलेल्यांपैकी एखादा फोटोही, काढणाऱ्याची परवानगी घेऊन, त्याचं नाव न देता छापा आणि तो कुठे मागे पडला ते सांगा. आता थोड्याच दिवसांत कासचे फोटो तुमच्याकडे ढिगाने यायला लागतील, सुरुवात तिथूनच करा. जागेची अडचण असेल तर तो अर्ध्या पानाचा फोटो जरा लहान केलात तरी आमची काही तक्रार नाही.

एक वाचक, सातारा