घटस्थापनेला परड्यातही पेरणी : शेणखत, बियाणे आणि निधीसाठी आवाहन

रामकृष्ण हरी.

बेळगावच्या वडगाव-शहापूर भागातील आमच्या भजनी मंडळाने यंदा घटस्थापनेच्या दिवशी 60 घरांच्या परड्यात आणि गच्चीवर भाजीपाला पेरण्याचे ठरवले असून, कार्तिकी द्वादशीला उपवास सोडण्यासाठी मंदिरात बसणाऱ्या पंगतीची पालेभाजी याच घरांतून यावी, असा संकल्प सोडला आहे. त्यासाठी आम्ही आपले साहाय्य मागत आहोत.

अरणच्या सावता महाराजांना मळ्यातच पांडुरंग भेटला, हे आपण कीर्तनात ऐकत आलो आहोत. आषाढ वद्य चतुर्दशीला त्यांची पुण्यतिथीही आपण भक्तिभावाने करतो. पण ज्या कामात त्यांना देव भेटला, ते खुरपे धरण्याचे काम आपल्या घरांतून जवळजवळ गेले. अळू, कढीपत्ता, घेवड्याचा वेल असलेल्या परड्यांवर फरशी आली. भाजीच्या देठांपासून देवाच्या निर्माल्यापर्यंत सारे कचरागाडीत जाते आणि तुरमुरीच्या डेपोत पोहोचते. ढिगाखाली दबलेला ओला कचरा हवेअभावी सडून मिथेन वायू सोडतो. तोच कचरा वाळलेल्या पाल्याबरोबर घरच्या पिंपात थरावर थर घालून ठेवला, तर तीन महिन्यांत त्याचे काळेभोर खत होते. भूमातेला नमस्कार करणाऱ्या घराने तिचे तिला परत देणे, हाही आमच्या दृष्टीने पूजेचाच भाग आहे.

गेल्या वर्षी पुण्यतिथीचे औचित्य साधून आम्ही आषाढातच मेथी आणि कोथिंबिरीचे बी वाटले, ही आमची चूक झाली. झड लागली, गोण्यांत पाणी तुंबले आणि बोटभर रोपे पिवळी पडून आडवी झाली. एका काकूंची मेथी मात्र वाचली. त्यांनी गोणीला तळाशी भोके पाडून आत विटांचे तुकडे आणि नारळाच्या शेंड्या अंथरल्या होत्या. यंदा सर्व गोण्या त्यांच्या पद्धतीने आणि त्यांच्याच देखरेखीखाली भरल्या जातील.

घटासाठी आपण शेतातली माती आणतो, धान्य पेरतो, नऊ दिवस जपून पाणी घालतो आणि दसऱ्याला ते कोवळे अंकुर डोक्यावर खोवतो. या वर्षी घटाची माती विसर्जित न करता गोणीत मिसळावी, अशी विनंती आहे. घटस्थापनेपासून कार्तिकी द्वादशीपर्यंत साधारण 40 दिवस मिळतात. त्यामुळे पालक आणि मुळा पहिल्याच दिवशी पेरायचा, तर महिन्याभरात तयार होणारी मेथी दसऱ्यानंतर. पाण्यासाठी नळ सोडण्याची गरज नाही. तांदूळ आणि भाजी धुतलेले पाणी चार-पाच गोण्यांना पुरते.

येळ्ळूर, धामणे, मच्छे या गावांतील गुरे बाळगणाऱ्या शेतकरी बांधवांनी पूर्ण कुजलेले शेणखत द्यावे. ताजे शेण कृपया देऊ नये, त्याच्या उष्णतेने कोवळी मुळे जळतात आणि हुमणीही लागते. ज्या आजींनी दोडका, घेवडा, लाल माठ यांचे गावरान बी राखेत जपून ठेवले असेल, त्यांच्याकडून मूठभर बी मिळाले तरी आम्हांला ते मोठ्या देणगीइतकेच मोलाचे आहे. रिकाम्या गोण्या, जुन्या बादल्या आणि विटांचे तुकडेही चालतील.

एका घराच्या 5 गोण्या, माती, तिची वाहतूक आणि बियाणे मिळून सुमारे 400 रुपये खर्च अपेक्षित आहे, म्हणजे एकूण 24,000 रुपये. आपण एका घराचा भार उचलावा किंवा जमेल ती रक्कम द्यावी. प्रत्येक रकमेची पावती मिळेल आणि जमाखर्च कार्तिकी एकादशीला मंदिराच्या फलकावर लावला जाईल. मागामुळे ज्यांच्या घरात जागाच उरलेली नाही, अशा विणकर कुटुंबांसाठी शेजाऱ्यांनी आपल्या गच्चीचा कोपरा द्यावा, ही आग्रहाची विनंती.

वस्तू आणि निधी अनंत चतुर्दशीपर्यंत सायंकाळच्या हरिपाठाच्या वेळी मंदिरात स्वीकारला जाईल. गोण्या भरण्याचे काम पितृपक्षातील रविवारी सकाळी 7 वाजता सुरू होईल. येताना खुरपे किंवा घमेले सोबत आणावे.

आपले नम्र,
भजनी मंडळाचे सर्व सदस्य