एका जिल्ह्याला एकच अंदाज कसा पुरेल?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा आला की ‘अंदाज पुन्हा फसला’ छापाची हेडलाईन ठरलेलीच, आणि मग आम्हीपण टपरीवर चहा पीत हवामान खात्याची टर उडवतो. उडवा खुशाल, पण कधीतरी हेही छापा ना की आपल्या सातारा जिल्ह्यातली जमीनच एवढी उंचसखल आहे की इथला वारा कुणाच्या गणितात नीट बसत नाही.

महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार मिलीमीटर आणि माण-खटावला पाचशेच्या आसपास, डोंगराने ढग अडवले, हे शाळेतली पोरंपण सांगतात. पण खरी गंमत त्याच्या खालच्या लेव्हलला आहे. वारा जमिनीला घासत जातो तेव्हा गवतामुळे वीतभर भोवरे होतात, झाडांमुळे घरांमुळे मोठे, कड्याच्या पाठीमागे तर शेकडो मीटरचे, आणि हे सगळं एकाच वेळी चालू, मोठा भोवरा फुटून लहान, लहान फुटून अजून लहान, शेवटी मिलीमीटरभर राहिला की जिरून उष्णता होते. त्यात दुपारी नांगरलेलं उघडं रान तापतं आणि बांधापलीकडचा भिजवलेला ऊस गारच राहतो, म्हणजे शेजारच्या दोन रानांतून हवा वर चढते तीपण सारखी नाही. पाचगणी-कामशेतच्या पॅराग्लायडिंगवाल्यांना विचारा, ते थर्मल, म्हणजे तापून वर चढणारी हवा, शोधत असतात आणि कड्यामागच्या रोटरला, म्हणजे तिथे गरगरणाऱ्या भोवऱ्याला, जाम टरकतात. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या काय उगाच लावल्यात का? चढून आलेला वारा माथ्यावर जोर धरतो. स्कॉटलंडमध्ये आस्करवेन नावाच्या टेकडीवर १९८२-८३ ला खांब रोवून हे मोजलं, टेकडी जेमतेम सव्वाशे मीटरची, तरी माथ्यावर वारा सपाटीच्या जवळपास पावणेदोनपट भरला! आपल्या कड्यांचं काय होत असेल?

आता खात्याचं मॉडेल, म्हणजे अंदाज काढणारं संगणकातलं गणित. ते नकाशाच्या चौकटी पाडून एका चौकटीला एकच उत्तर देतं. आधी १२ किलोमीटरची चौकट होती, मे २०२५ पासून ६ ची आली, चांगलंच झालं. पण १२ च्या चौकटीत पाचगणी आणि वाई दोन्ही मावतात, आणि उंचीत फरक पाच-सहाशे मीटरचा. चौकटीपेक्षा लहान भोवरे मॉडेलला दिसतच नाहीत, ते सूत्राने धरावे लागतात, आणि त्या सूत्रांचा पाया म्हणजे मोनिन आणि ओबुखोव या सोव्हिएत शास्त्रज्ञांची जमिनीलगतच्या वाऱ्याबद्दलची १९५४ ची थिअरी, सपाट एकसारख्या जमिनीसाठी मांडलेली, जिची गाजलेली पडताळणी १९६८ ला झाली ती अमेरिकेत कॅन्ससच्या सपाट रानात. सह्याद्री त्यात कुठून येणार? बरं चौकट अजून बारीक करा म्हणावं तर किलोमीटरच्या आसपास वेगळाच घोळ, भोवरा अर्धा दिसतो अर्धा नाही, त्याला ते लोक ग्रे झोन म्हणतात.

म्हणून विनंती एवढीच, खात्याकडून घाट भागाचा इशारा वेगळा येतो, तो तुमच्या पानावर जिल्ह्याच्या एका चौकोनात घालू नका, घाटमाथा वेगळा आणि पूर्वेकडचे तालुके वेगळे द्या. आणि महाबळेश्वरला पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेची ढगांचा अभ्यास करणारी लॅब २०१२ पासून आहे, स्ट्रॉबेरीच्या बातमीला दरवर्षी माणूस पाठवता तसा एकदा तिकडे पाठवा, उतारावर आणि दऱ्यांत वारा मोजायला यंत्रं किती आहेत आणि किती पाहिजेत ते विचारून छापा.

कळावे,
एक नियमित वाचक, वाई