छिद्रांच्या एका पट्टीबद्दल आभार

आदरणीय भाऊ,

सप्रेम नमस्कार. शाळेच्या अंगणात दोडक्याच्या वेलांसाठी योजलेला काठ्यांचा घुमट अखेर उभा राहिला. मुले अजून त्याच्याभोवतीच घुटमळत आहेत, म्हणून आपले आभार आजच मानतो.

१ मीटर त्रिज्येच्या या घुमटाला ६५ काठ्या आणि २६ सांधे लागतात, हे आपल्याला ठाऊकच आहे. पहिले सांधे आम्ही दुसरीकडून थ्रीडी प्रिंटरवर छापून घेतले होते. घुमट कोठे उभारणार, एवढा साधा प्रश्नही तेथे कोणाला पडला नाही. पीएलए हे छपाईचे प्लास्टिक ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ होऊ लागते आणि चंद्रपूरच्या उन्हाळ्यात काळे प्लास्टिक तेथवर सहज तापते. काही सांधे उन्हात लोळागोळा झाले, उरलेल्यांच्या नळ्या काठी घालतानाच थरांच्या रेषेवर तडकल्या. तक्रार केल्यावर उत्तर मिळाले, की तुमच्या काठ्याच सारख्या जाडीच्या नाहीत.

काठ्या सारख्या नव्हत्याच. बाजारात १२ मिलिमीटरची म्हणून मिळणारी काठी क्वचितच तेवढी भरते, आणि पावसाळी हवेत ती फुगते ते वेगळेच. पण ज्या गोष्टीची तेथे सबब झाली, तिच्यापासूनच आपण कामाला सुरुवात केली. पैशांची बोलणी होण्याआधी आपण काठी हातात घेतली, दोन्ही टोकांना आणि मध्ये, आडवी-उभी कॅलिपरने मोजली, आणि १२ पासून १२.६ मिलिमीटरपर्यंतच्या छिद्रांची एक लहानशी पट्टी छापून, प्रत्येक छिद्राशेजारी मार्करने आकडा लिहून आमच्या हाती दिली. प्रत्येक काठी यातून घालून पाहा, ऑर्डरचे नंतर बोलू, असे आपण म्हणालात. माझ्या विद्यार्थ्यांना मोजमाप कशासाठी करायचे, हे वर्गातल्या माझ्या तासांपेक्षा त्या पट्टीने अधिक नीट समजावले. गिऱ्हाईक पुन्हा येईल की नाही याची खात्री नसताना त्याचे काम आपले मानणारी माणसे अजून आहेत, याचाही त्या दिवशी मोठा धीर वाटला.

पुढचे सर्व सुरळीत झाले. सांधे पीईटीजी या अधिक उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकचे केल्यामुळे ऊन त्यांना बाधले नाही. पाच तोंडांचे ६ सांधे आपण आपणहून पिवळे छापलेत, त्यामुळे ५४.७ सेंटिमीटर अंतराच्या आखूड काठीचे एक टोक नेहमी पिवळ्यातच बसते, हे सहावीच्या मुलींनी कोणी न सांगता हेरले. ६१.८ च्या लांब काठ्यांत त्यांची गल्लत एकदाही झाली नाही.

एक तक्रार मात्र आहे. त्या पट्टीचे पैसे बिलात दिसत नाहीत. पाच तोंडांचा एक आणि सहा तोंडांचा एक असे दोन सांधे जादा ठेवायचे आहेत. ते छापाल तेव्हा पट्टीची रक्कमही कृपया त्यात लावावी.

आपला,
गणित शिक्षक