जायंट्सच्या मैदानावर येताना

ती. बाबा आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

बेसबॉलची तिकिटं मुद्दाम दुपारची काढली आहेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या जायंट्स संघाचं मैदान, ओरॅकल पार्क, अगदी खाडीला खेटून आहे. ऐन जुलै-ऑगस्टमध्येही रात्री तिथे पारा १३-१४ अंशांवर येतो, वर बोचरा वारा. नवखे लोक हाफ पँटीत येतात आणि पाचव्या इनिंगला तिथल्याच दुकानात महागडं जॅकेट घेतात. दुपार असली तरी बाबांची कानटोपी आणि आईची शाल हवीच.

गाडीने जायचं नाही. पार्किंग महाग आणि सामना सुटल्यावर बाहेर पडता पडता जीव जातो. सनीवेलहून कॅलट्रेन घेऊ. शेवटच्या स्टेशनपासून मैदान पाच-सात मिनिटं चालत. क्लिपर कार्ड, म्हणजे भाडं कापायचं कार्ड, चढण्याआधी फलाटावरच्या यंत्राला टेकवायचं आणि उतरल्यावरही. उतरताना विसरलं की जास्त भाडं कापलं जातं, आणि सगळे तिथेच विसरतात. ६५ पूर्ण झालेल्यांना अर्धं भाडं आहे, पण ज्येष्ठांचं वेगळं कार्ड लागतं. वयाच्या पुराव्यासाठी पासपोर्ट हाताशी ठेवा.

मैदानाचं तिकीट फोनवरच असतं. स्क्रीनशॉट चालत नाही आणि गेटवरच्या गर्दीत इंटरनेट रडतं, म्हणून ते घरीच फोनच्या वॉलेटमध्ये घालून ठेवीन. पाठीवरची सॅक नको, खांद्याची लहान पिशवी पुरे. घरचं खाणं नेता येतं, तेव्हा आई, तुझ्या दशम्या-चटणीला आडकाठी नाही. पाणी मात्र सीलबंद प्लास्टिकच्या बाटलीतलं, काच नको.

जागा वरच्या मजल्यावर, तिसऱ्या बेसच्या (बेस म्हणजे धावताना गाठायचा टप्पा) बाजूला घेतल्या आहेत. खालच्या जागा महाग, शिवाय तिथून खाडी नीट दिसत नाही. वरून समोर उजवीकडची विटांची भिंत दिसेल आणि तिच्यामागे थेट पाणी, मकव्ही कोव्ह. पाण्यामुळे मैदान त्या बाजूला पसरायला जागाच नव्हती. त्या कोपऱ्यात सीमा जेमतेम ३०९ फुटांवर, म्हणजे ९४ मीटरवर आली. म्हणून भिंत उंच बांधली, २४ फूट. आकडा जायंट्सचा गाजलेला खेळाडू विली मेज याच्या जर्सीचा. भिंतीवरून चेंडू सरळ पाण्यात पडला की तो झेलायला लोक छोट्या होड्या घेऊन टपलेले असतात. पहिला असा फटका जायंट्सच्या बॅरी बाँड्सचा, १ मे २००० चा. फलकावर मोजणी चालते ती फक्त जायंट्सच्या फटक्यांची. पाहुण्यांनी मारलेला धरत नाहीत!

बाबा, क्रिकेटच्या हिशेबाने एवढंच लक्षात ठेवा: तीन बाद झाले की डाव पालटतो, दोघांचे डाव मिळून एक फेरा (इनिंग), असे नऊ फेरे, आणि अनिर्णित प्रकार नाही. यजमान नंतर खेळतात. नवव्या फेरीत ते आधीच पुढे असतील तर शेवटचा अर्धा फेरा होतच नाही. गोलंदाजाला घड्याळ लावलं आहे, बेस रिकामे असतील तर १५ सेकंदांत चेंडू टाकायचा. प्रेक्षकांत आलेला चेंडू परत द्यायचा नसतो, घरी न्यायचा. पण तिरपे उडालेले चेंडू वरच्या मजल्यावरही येतात, म्हणून चेंडू टाकला जात असताना मान फोनमध्ये नको.

दीड तास आधी पोचू, कारण सामना सुरू झाल्यावर फिरणं होत नाही. डावीकडच्या कोपऱ्यात १९२७ च्या ग्लोव्हसारखा २६ फुटी चार बोटांचा ग्लोव्ह आणि शेजारी बाटलीच्या आकाराची ८० फुटी घसरगुंडी आहे. मधल्या कुंपणामागची बाग आईला तासभर पुरेल. तिथे पालेभाज्या लावतात आणि त्याच तिथल्या खाण्यात घालतात. लसूण-कोथिंबिरीसारखा पाला घातलेल्या गार्लिक फ्राइज एकच प्लेट घेऊ; लसूण जवळजवळ कच्चा असतो, बाबांच्या पोटाला फार नको.

वर जायला लिफ्ट आहे, पण आपल्या रांगेपर्यंतच्या पायऱ्या उंच आहेत. बाबांचा गुडघा अजून धरत असेल तर लगेच कळवा, तिकिटं बदलून पायऱ्या नसलेल्या जागा घेते.

तुमची,
मनू