दत्ता, ती पदकं वाटून घेऊ नका

कोल्हापूर
१२ नोव्हेंबर

प्रिय दत्ता,

तू पाठवलेले फोटो मिळाले. फोनवर बोललो असतो, पण हे घाईत सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्र. सगळ्यात आधी एक विनंती, बाकीचं सावकाश वाचलंस तरी चालेल. घराची वाटणी होताना पदकं तिघा भावांनी थोडी थोडी घ्यावीत, म्हणजे सगळ्यांकडे आठवण राहील, असं अण्णांनी सुचवल्याचं तू लिहिलं आहेस. अण्णांचा हेतू चांगला आहे, तरी तसं करू नका. भांडी वाटा, शेत तर वाटलंच जाणार. हा पत्र्याचा डबा मात्र अख्खा एका घरात राहू दे, मग तो तिघांपैकी कुणाकडेही असो.

काकू डब्यातली सगळी पदकं आजोबांची म्हणतात, पण ती दोन पिढ्यांची आहेत. पहिल्या फोटोतली काळपट चांदणी बघ. चांदणीच्या वरच्या टोकाच्या जागी मुकुट आहे, मध्ये दोन तलवारी एकमेकींना छेद देऊन गेल्या आहेत, आणि पट्टीवर १९१४-१५ असं आहे. ही तुझ्या पणजोबांची. गावात हिलाच 'व्हिक्टोरिया क्रॉस' म्हणतात असं तू लिहिलंस, पण ब्रिटिशांचा तो सर्वोच्च शौर्याचा सन्मान हा नव्हे. हिचं नाव '१९१४-१५ स्टार'. त्या दोन वर्षांत जे युद्धक्षेत्रात हजर होते त्यातल्या बहुतेकांना ती मिळाली, आणि अशा चांदण्या वीस लाखांच्या वर वाटल्या गेल्या. हे घरी सांगताना तुला जड जाईल, कल्पना आहे मला. पण तुझ्या पणजोबांची खरी हकीकत त्या दंतकथेपेक्षा मोठी आहे, आणि ती त्याच चांदणीच्या पाठीवर लिहिलेली आहे.

चौथा फोटो मोठा करून बघ. पाठीमागे तीन ओळी ठोकून उमटवल्यात. वर नंबर आणि 'सिपॉय', मधे नाव, खाली '११० मराठा एल. आय.'. नावाचं स्पेलिंग बघून हे आपले नव्हेत असं म्हणू नकोस. गोऱ्या कारकुनाच्या कानाला जे ऐकू आलं ते त्यानं लिहिलं. पवारांचे पोवार झाले, शिंद्यांचे सिंदे झाले, पुष्कळांचं आडनाव आलंच नाही. नाव फसवेल एक वेळ, पण नंबर आणि पलटण हे दोन्ही धरून ठेव.

११० वी मराठा लाइट इन्फंट्री पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमधून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेली होती. त्याच डिव्हिजनमध्ये १०३ आणि ११७ या आणखी दोन मराठा पलटणी होत्या. बगदादच्या दिशेनं पुढे सरकलेलं हे सैन्य मागे हटत कुत-अल-अमारा या गावी आलं आणि ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांच्या वेढ्यात अडकलं. शिधा संपत गेला. घोडे आणि खेचरं कापून खायची वेळ आली. आपल्या शिपायांपैकी बहुतेकांनी कितीतरी आठवडे त्या मांसाला हात लावला नाही. जवाच्या पिठाचा रोजचा वाटा कमी कमी होत गेला, माणसं स्कर्व्हीनं आणि अशक्तपणानं पडू लागली. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसं शरण गेली, आणि वाळवंटातून कैदेत चालत जाताना आणि नंतर छावण्यांत त्यातली हजारो मेली.

तुझे पणजोबा त्या वेढ्यात होते असं मी आजच छातीठोक म्हणणार नाही. आजारी पडून आधीच मागे पाठवलेले लोक होते, वेढा पडल्यानंतर बाहेरच राहिलेल्या तुकड्याही होत्या. पण काकूंनी तुला सांगितलेली ती गोष्ट, की पणजोबा ताटात शीत टाकू द्यायचे नाहीत आणि जवाची भाकरी घरात करू द्यायचे नाहीत, ती मी फोटोंबरोबर वाचली आणि बराच वेळ पुढचं काही वाचवेना. घरच्या आठवणी आणि पदकाची कडा जिथे एकमेकांना लागतात तिथे आपण नीट शोधायला हवं. काकूंकडून जे जे आठवेल ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घे. हे काम पदकांपेक्षाही निकडीचं आहे, त्यांचं वय बघता.

आता दुसरं पदक. गोल, तांबूस, पंखवाली बाई, आणि फितीवर दोन इंद्रधनुष्यं शेजारी ठेवल्यासारखे रंग. हे 'व्हिक्टरी मेडल'. याच्या कडेवरही तोच नंबर आहे, म्हणजे माणूस तोच. आणि इथेच तुझ्या डब्यात एक भोक दिसतं. १९१४-१५ स्टार कुणालाच एकटी मिळत नसे, व्हिक्टरी मेडलही नाही. दोन्हींबरोबर 'ब्रिटिश वॉर मेडल' असायचंच. ते चांदीचं, एका बाजूला राजा पाचवा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला उघड्या अंगाचा घोडेस्वार, फितीच्या मधोमध रुंद केशरी पट्टा. ते तुमच्या डब्यात नाही.

कुठे गेलं असेल? चांदी म्हणून सराफाकडे गेलं असेल. १९७९-८० साली चांदीचा भाव भडकला तेव्हा जगभर ही पदकं ढिगानं वितळली. मुलाच्या गळ्यात घालायला कुणी कान जोडून नेलं असेल. पण मला जास्त शक्यता वाटते ती धाकट्या पातीची. तुझ्या आजोबांचा आणि त्यांच्या धाकट्या भावाचा चुलखंड वेगळा झाला तेव्हा 'एक तुला, दोन मला' असं झालं असणार. अण्णा आज जे सुचवताहेत तेच तेव्हा झालं, इतक्याच चांगल्या हेतूनं, आणि त्याचा परिणाम असा की आज दोन्ही घरांना पणजोबा अर्धेच माहीत आहेत. तुमच्या भाऊबंदांशी बोलणं कमी झालंय हे मला ठाऊक आहे. तरी हे निमित्त करून वहिनींना घेऊन एकदा जा. पदक मागायला जाऊ नकोस. कडेवरचा नंबर बघू द्या, एवढंच म्हण.

पुण्याच्या जुन्या बाजारात मी अशी एकटी पडलेली पदकं पाहत आलोय. प्लास्टिकच्या परातीत, कुलपं आणि जुन्या चाव्यांच्या शेजारी. माझ्याकडे त्यातलं एक ब्रॉन्झचं वॉर मेडल आहे. चांदीचं सैनिकांना, ब्रॉन्झचं हमाली आणि मजुरीच्या तुकड्यांतल्या लोकांना. कडेवर नंबर, एका शब्दाचं नाव आणि 'लेबर कोअर'. आडनाव नाही, गाव नाही. कुणी तरी आपल्या मुलखातून बसऱ्याच्या धक्क्यावर गोण्या उचलायला गेला, तिथली उन्हं सोसली, आणि त्याचं कुटुंब मला कधीही सापडणार नाही. त्याच्या पोराबाळांनी पितळेचं म्हणून ते विकलं असेल तर त्यांना मी दोष देत नाही. पण तुझ्याकडे नाव, नंबर, पलटण आणि काकूंसारखी सांगणारी आई, सगळं आहे. म्हणून मी एवढा जीव तोडून लिहितोय.

आजोबांच्या पदकांकडे येतो. सहा टोकांच्या तीन चांदण्या आहेत, तिन्हींच्या मध्ये मुकुट आणि सहाव्या जॉर्जची अक्षरं. कोणती चांदणी कुठली ते मधल्या वर्तुळावर लिहिलेलं असतंच, शिवाय फितीवरून लांबूनही ओळखता येतं. गडद निळा, लाल, फिकट निळा असे तीन सारखे पट्टे म्हणजे नौदल, भूदल, विमानदल, ती '१९३९-४५ स्टार'. वाळूच्या रंगावर मधोमध लाल पट्टा ती आफ्रिका स्टार. लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल ही इटली स्टार. त्यांच्याबरोबरचं ते गोल, पांढऱ्या धातूचं, दोन डोक्यांच्या ड्रॅगनवर उभा सिंह असलेलं, ते वॉर मेडल. या चारांवर नाव शोधत बसू नकोस. पहिल्या युद्धात सरकारनं प्रत्येक पदकावर नाव घातलं, दुसऱ्यात बहुतेक पदकं कोरीच वाटली. म्हणून तर ती डब्यातून निघाली की कुणाचीही होतात.

आफ्रिका आणि इटली दोन्ही असणं ही मोठी खूण आहे. आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीनं १९४१ च्या मार्चमध्ये एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांवर हल्ले केले, आणि १९४४ मध्ये ती इटलीत होती. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नायक यशवंत घाडगे मशीनगनच्या मोर्च्यावर एकटे चालून गेले आणि पडले, ते याच पलटणीचे, माणगाव तालुक्यातले. व्हिक्टोरिया क्रॉस त्यांना मिळाला, मरणोत्तर. (पहिल्या पलटणीच्या नामदेव जाधवांना १९४५ मध्ये सेनिओ नदीवर मिळाला, ते जिवंत परत आले.) आजोबा तिसऱ्या पलटणीतच होते असं एवढ्यावरून ठरत नाही, कारण रसदीच्या आणि इतर दळांतली माणसंही दोन्हीकडे गेली. पण उत्तर तुझ्याच डब्यात आहे.

केशरी, पांढरी, हिरवी फीत असलेलं ते पदक बघ. हे १९४७ चं स्वातंत्र्य पदक. एका बाजूला अशोकचक्र, आणि चक्राच्या डोक्यावर इंग्रजांचा मुकुट! दुसऱ्या बाजूला सारनाथचे सिंह आणि १५ ऑगस्टची तारीख. मुकुट आणि चक्र एकाच धातूवर, असं १९५० नंतर होणं शक्यच नव्हतं. मला सगळ्या पदकांत हे फार आवडतं. आणि याच्या कडेवर नाव असतं. तू या कडेचा फोटो पाठवलेलाच नाहीस. आधी तो पाठव, त्यावरून आजोबांचा नंबर कळेल आणि मग वरच्या चांदण्याही त्यांच्याच म्हणून नक्की धरता येतील.

शेवटचं, लाल फितीवर बारीक हिरव्या रेघांचं, ते स्वतंत्र भारताचं पहिलं जनरल सर्व्हिस मेडल. फितीवर आडवी पट्टी आहे ती जम्मू-काश्मीरची. पदकावर प्रभावळीत उभी तलवार आहे, तिला भवानी म्हणतात. मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगावच्या सेंटरमध्ये 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' म्हणत घडलेल्या माणसाच्या छातीवर भवानी आली, याचं आजोबांना काय वाटलं असेल, हे कुणी त्यांना विचारलं होतं का रे? तिसरी पलटण तोवर पॅराशूट पलटण झाली होती आणि नौशेरा-झांगरच्या लढाईत होती. कडा जुळली तर केरेनपासून झांगरपर्यंत एका माणसाची सलग वाट तुझ्यासमोर उभी राहील. यातलं एक पदक अण्णांकडे, एक तुझ्याकडे, एक धाकट्याकडे गेलं की ही वाट पुसली.

टोपीचा बिल्ला मी ओळखला, बिगुल हे लाइट इन्फंट्रीचं चिन्ह. बिल्ल्याचा काळ ओळखायला त्याच्या माथ्याकडे बघायचं. मुकुट असेल तर १९५० च्या आधीचा, सिंह असतील तर नंतरचा. कधी कधी चिन्हच बदलतं. महार रेजिमेंट १९४१ मध्ये उभी राहिली तेव्हा तिच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता, पुढे दोन मशीनगन आल्या आणि स्तंभाच्या जागी खंजीर आला. स्तंभाचा बिल्ला ज्याच्या घरी असेल त्यानं तो जिवापाड जपावा. तुझ्या बिल्ल्याचा मागचा फोटोही काढ. मागे पट्टी आहे की दोन कड्या, हे मला बघायचंय. बाजारात नव्यानं ओतलेले बिल्ले पुष्कळ फिरतात, त्यांच्या कडा बोथट आणि पाठ खरबरीत असते.

आता हात जोडून सांगतो, काही घासू नकोस. चिंच नको, राख नको, लिंबू नको, बाजारातली पावडरही नको. व्हिक्टरी मेडलच्या कडेवर 'मराठा' मधली दोन अक्षरं आत्ताच पुसट झालीत, कुणीतरी दसऱ्याला हत्यारांबरोबर ती घासत आलं असणार. काळेपणा राहू दे. फिती विटल्यात म्हणून नव्या शिवू नकोस, जुन्या तशाच कागदात गुंडाळून ठेव. अक्षरं वाचायची असतील तर अंधाऱ्या खोलीत टॉर्च एका बाजूनं जवळजवळ आडवा धर, सावली पडली की अक्षरं उठून दिसतात. तसेच फोटो काढ, कडा फिरवत फिरवत, एकही भाग सुटू न देता.

डब्याच्या तळाशी कागद आहेत का तेही बघ. पेन्शनचं पुस्तक, डिस्चार्जचा कागद, जंगी इनामाचा काही दाखला, मनीऑर्डरची पावती, काहीही. एखादी मोठी, तळहाताएवढी ब्रॉन्झची तबकडी निघाली, सिंह आणि त्रिशूळ धरलेली बाई असलेली, तर मला लगेच कळव. ती युद्धात मेलेल्याच्या घरी पाठवायचे. तुमच्या घरातून आणखी कुणी गेला होता आणि परतला नाही, असा त्याचा अर्थ होईल. गावच्या चावडीवर किंवा देवळाच्या भिंतीत संगमरवरी पाटी असली तर तिचाही फोटो काढ. साताऱ्याकडच्या पुष्कळ गावांत आहेत. आपशिंग्याचे एका गावचे ४६ जण पहिल्या युद्धात गेले ते परत आले नाहीत.

वाटणीच्या कागदावर एक ओळ घालता येते का बघ, की पदकं, बिल्ला आणि कागद एकत्र राहतील आणि ज्याच्याकडे असतील त्यानं बाकीच्यांना मागितल्यावर दाखवावीत. अण्णांना पटवायला मी येतो हवं तर. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मला साताऱ्याला काम आहे, तिथून तुमच्या गावी येतो, भिंग घेऊन. तोवर स्वातंत्र्य पदकाची कडा आणि बिल्ल्याची पाठ हे दोन फोटो पाठव, आणि धाकट्या पातीत कुणाशी बोलायचं ते काकूंना विचारून ठेव.

काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विजय